कल्याणला सगळ्यांनी उतरायचं

भिसेगावच्या बाजूनं कर्जत स्टेशनात शिरा. मोबाईल घरीच ठेवा, पुढे त्याचा उपयोग नाही. बूटही काढा. तुमच्या अंगावर आता गुडघ्यापर्यंतचं धोतर आहे, वर बंडी, खांद्यावर कांबळं, हातात फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. मान वर करून पाहा. विजेच्या तारा गेल्या. पादचारी पूल गेला. लोकलची वेळ दाखवणारा इंडिकेटर गेला, आणि फलाटावर पाय ठेवल्याबरोबर भूक चाळवणारा वडापावचा वासही गेला. डोंगर तेवढे होते तिथेच आहेत. शेतांत राबासाठी शेण आणि कवळं पसरून ठेवलंय. ते भाजायला अजून अवकाश आहे.

फेब्रुवारी १८९७ निम्मा सरलाय. भिसेगाव म्हणजे कुडाची, पेंढ्यानं शाकारलेली घरं. जिल्हा कुलाबा, त्याचं रायगड व्हायला १९८१ साल उजाडावं लागेल. स्टेशन मात्र गावाच्या मानानं थोरलं. १८६३ साली बोरघाट चढून गाडी पुण्याकडे जायला लागली, तेव्हापासून गाड्यांना इथे दम खावाच लागतो, कारण मागून ढकलणारं इंजिन जोडल्याशिवाय घाट चढत नाही. आज त्या थांब्यात जे दिसतंय ते नीट बघून घ्या. मुंबईहून आलेल्या गाडीत माणसं नाहीत, बिऱ्हाडं आहेत. जात्याची पाळी, पत्र्याच्या ट्रंका, पाय बांधलेल्या कोंबड्या, म्हाताऱ्यांच्या मांडीवर कापडात गुंडाळलेले देव. १८९१ च्या शिरगणतीत सव्वाआठ लाख भरलेली मुंबई गाव गाठायला निघालीय. गेल्या वर्षी २३ सप्टेंबरला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत पाहिलेला रोग प्लेगच आहे असं सांगितलं. सरकारला ते पटायला वेळ लागला, लोकांना फारसा लागला नाही. साथ भरात येईल तोवर शहरातले जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडलेले असतील.

आणि तुम्ही उलट्या गाडीत चढताय. डबा जवळपास रिकामा.

कारण साधं आहे. कापलेलं भात सावकाराच्या घरी गेलं. घाटावर दुष्काळ, म्हणजे तिकडे मजुरीला जायची सोय नाही. आणि पळून आलेल्यांनीच बातमी आणलीय की गिरण्या ओस पडल्यात, साच्यांवर उभं राहायला माणूस नाही, मालक रोजचा पैसा रोज हातावर ठेवतायत. गावातल्या शहाण्यांनी तुम्हाला वेड्यात काढलं. आईनं काढलं नाही. तिनं भाकऱ्या बांधून दिल्या. घरात धान्य किती उरलंय ते तिलाच ठाऊक.

भायखळ्याला उतरलात की आधी नाकाला कळतं. फिनेल नव्हे, त्याहून उग्र, घशाला चावणारा कार्बोलिकचा वास, आणि सगळीकडे ओल्या चुन्याचा. गटारं पंपानं धुवून काढतायत. एका चाळीच्या छपराची कौलं काढून घेतलीत, आतल्या अंधाऱ्या खोल्यांत ऊन शिरावं म्हणून. त्या खोल्यांतली माणसं कुठे गेली हे विचारायला कोणी नाही. दारांच्या चौकटींवर तांबडी वर्तुळं. एक वर्तुळ म्हणजे त्या घरातला एक रोगी. काही दारांवर एकाखाली एक अशी वर्तुळं आहेत, की मोजायला नको वाटावं. काही भिंतींवर इंग्रजीत तीन अक्षरं रंगवलीत, यू. एच. एच.; घर माणसानं राहण्याच्या लायकीचं नाही, असा सरकारी शेरा.

परळात तुम्हाला गुंडग्याचा एक गडी भेटतो. म्हणजे तुम्हीच त्याचा पत्ता विचारत गेलात. मुंबईत नवख्याला तोच एक दाखला असतो, शेजारच्या गावचा माणूस. तो वर्षभर इथे आहे. खोली दहा-बारा जणांची, आता निम्मी रिकामी. इथे नावानं कोणी कुणाला हाक मारत नाही. तो ‘गुंडगं’, कोपऱ्यातला ‘सातारा’, खिडकीपाशी दोन ‘राजापूर’. आजपासून तुम्ही ‘भिसेगाव’. खानावळवाली बाई चिपळूणला निघून गेलीय, तेव्हा चूल आपली आपण पेटवायची. कोपऱ्यावरचा वाणी ‘राजापूर’ला उधार देतो, ‘गुंडग्या’ला देतो, तुम्हाला देत नाही. त्याचं चुकत नाही. उद्या तुम्ही दिसाल की नाही हे त्यानं कशावरून धरून चालायचं?

भल्या पहाटे नाक्यावर उभे राहा. हे बघण्यासारखं आहे, कारण गिरणगावात असं पूर्वी घडलेलं नाही आणि पुढेही क्वचितच घडेल. एरवी गिरणीत शिरायचं तर मुकादमाला दस्तुरी चारावी लागते. पगार महिन्यानं, तोही पुढचा महिना बराच सरल्यावर, म्हणजे मधेच काम सोडलं तर मागचे पैसे मालकाकडे अडकतात. जुन्या माणसाला गिरणीत बांधून ठेवणारी दोरी तीच. आता बघा, एका गिरणीचा मुकादम घोळक्यासमोर उभा राहून भाव बोलतोय. दुसरा त्याच्यावर आणा चढवतो. तिसरा काही न बोलता एकाच्या दंडाला धरून ओढतो. माणसं हसतात, जागची हलत नाहीत, आणखी आण्याची वाट बघतात. ज्या मुकादमापुढे वर्षभर मान खाली घातली त्याला आज उन्हात तिष्ठत ठेवायचं, ही मजा पैशांपलीकडची आहे. तुमचा पगार कुणाकडेच थकलेला नाही, त्यामुळे तुम्ही सगळ्यांत मोकळे. कामावर जाताना जुने कामगार तुमच्याकडे ज्या डोळ्यांनी बघतील तेवढं मात्र मनावर घेऊ नका.

संध्याकाळी, दिवस मावळून भोंगा झाला की, पैसे रोख. तळहातावर नाणी घेऊन तुम्ही खोलीवर येता, आणि मग कळतं की या शहरात पैसा मिळवणं सोपं, टिकून राहणं अवघड झालंय.

नियम काय आहेत ते ‘राजापूर’ सांगतो. त्याला थोडं वाचता येतं. गेल्या ऑक्टोबरात पालिकेनं फर्मान काढलं की रोगी घरात ठेवायचा नाही, इस्पितळात न्यायचा, लागलं तर जबरदस्तीनं. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. (तुम्ही त्याला कस्तुरबा म्हणता, २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना रुग्ण तिथेच ठेवले होते.) तिथे नेलेलं माणूस परत येत नाही, एवढंच लोकांनी पाहिलेलं. त्यावर अफवांनी घर बांधलं: आत माणसाला उलटं टांगून त्याच्या अंगातून मोमियाई, म्हणजे औषधी तेल, काढतात, राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं त्याचा सूड घेतायत. तुम्हाला हसू येतं. येऊ द्या, पण व्हॉट्सॲपवर आलेले काढे आणि मोबाईलच्या टॉवरमुळे पसरणारा विषाणू आठवून मग हसा.

इस्पितळांतही प्रकार आहेत. जातीजातींनी, पंथापंथांनी आपापली इस्पितळं काढलीत. पारशांचं आहे, जैनांचं आहे, बोहऱ्यांचं आहे. तिथे आपल्या हातचं पाणी मिळतं, आपल्या भाषेत कुणीतरी विचारपूस करतं. गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मराठा हॉस्पिटल उभं केलं. गिरण्यांना आठवड्याची सुटी मिळवून देणारे, ‘दीनबंधु’ चालवणारे लोखंडे ९ फेब्रुवारीला प्लेगनंच गेले. तुम्ही मुंबईत पाऊल टाकलं तेव्हा गिरणगाव त्यांच्या सुतकात होतं. म्हणजे आजारी पडायचं तर आधी आपण कुणाचे आहोत ते सांगता यायला हवं, आणि ते सांगायला चार माणसं हवीत.

लोखंडे गेले त्याच्या पाच दिवस आधी, ४ फेब्रुवारी १८९७ ला, कलकत्त्यात एक कायदा झाला. साथरोग कायदा. पानभरसुद्धा भरत नाही इतका छोटा. रेल्वेनं प्रवास करणाऱ्यांची तपासणी, संशयितांना वेगळं ठेवणं, मोडेल त्याला दंड विधानाखाली शिक्षा. घाई नुसती मुंबईसाठी नव्हती. याच महिन्यात व्हेनिसला युरोपातली राष्ट्रं प्लेगवर परिषद भरवून बसलीत, आणि मुंबईच्या मालाला, जहाजांना बंदरं बंद होतील ही धास्ती सरकारला प्लेगहून मोठी आहे. हाच कायदा १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रानं पुन्हा बाहेर काढला. तेव्हा तुम्ही घरात बसून टीव्हीवर त्याचं नाव ऐकलं होतं.

इथे तुमची पुतणी आठवल्याशिवाय राहणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ती शिकायला मेलबर्नला गेली. महिनाभरात सगळं बंद. २२ मार्चच्या रात्रीपासून इकडे कर्जत लोकल थांबली, त्याच दिवसापासून परदेशातून येणाऱ्या विमानांना भारतानं दार लावलं. ३ एप्रिलला तिकडचे पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले की जे तात्पुरत्या व्हिसावर आहेत आणि ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही, त्यांनी आपल्या घरी जावं. तिनं फोनवर विचारलं, “काका, कुठून जाऊ?” नोकऱ्या गेलेल्यांना सरकार मदत देत होतं, त्यात तिच्यासारखे बसत नव्हते, तिचं कॅफेतलं अर्धवेळ काम तर पहिल्याच आठवड्यात गेलं होतं. २ ऑगस्टपासून रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, दिवसाकाठी तासभर व्यायाम, आणि घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. ती म्हणाली, “पाच किलोमीटरमध्ये माझं कोणी नाही.” तुम्ही म्हणालात, “घरातच तर बसायचंय, त्यात काय एवढं?” तुमच्या पाच किलोमीटरमध्ये दहिवली होती, मुद्रे होतं, तीन चुलते होते, आणि दाराशी भाजी आणून देणारी कातकरीण होती. पुढच्या वर्षी तर कहरच झाला. मे २०२१ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियानं भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही दोन आठवडे बंदी घातली आणि मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची भीती दाखवली.

ते असो. परळच्या खोलीत ‘सातारा’ला ताप चढलाय.

तो आधी म्हणतो, डोकं दुखतंय. मग म्हणतो, काही नाही. रात्री तो मांडी फाकून निजतो आणि जांघेला हात लावू देत नाही, तेव्हा सगळ्यांना कळतं. कोणी बोलत नाही. मार्च लागलाय, ब्रिगेडियर जनरल गॅटॅकर यांच्या हाती प्लेग समिती आलीय, आणि घरोघरची झडती आता ठरवून, गल्ली वेढून होते. रोगी सापडला तर त्याला डोलीतून नेतील. उरलेल्यांना छावणीत. छावणी म्हणजे रोज बुडाला, आणि नाक्यावरचा भाव कायम राहणार नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्ही २०२० चे आहात. ताप लपवणाऱ्यांवर तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर काय काय लिहिलं होतं ते आठवतं. आणि तरी दिवा खाली कोण धरतो? तुम्हीच. ‘राजापूर’ त्याच्या अंगावर दोन घोंगड्या टाकतो, पुढे कपड्यांचं गाठोडं सरकवतो. ‘सातारा’ पाणी मागतो. तुम्ही देता, आणि हात बंडीला पुसता.

मधूनच तुमच्या मनात येतं की लस आहे. आहे खरी. ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन हा ओडेसाचा माणूस ती बनवतोय. त्यानं १० जानेवारीला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ना इथला राजा त्याचा, ना इथली भाषा त्याची. तोही या शहरात परकाच. याच परळातल्या एका जुन्या सरकारी वाड्यावर पुढे त्याचं नाव लागेल. पण खोलीत सुईबद्दल एकच गोष्ट माहीत आहे: टोचली की एक-दोन दिवस ताप येतो. या मोसमात अंगात ताप घेऊन झडतीला सामोरं जायला कोण तयार होईल? शिवाय दोन दिवसांचा रोज गेला तो गेलाच.

‘गुंडगं’ त्याच रात्री निघून गेला. सांगून गेला, एवढं त्याचं माणूसपण. “कल्याणला तपासतात,” तो कानाशी म्हणाला, “मी अलीकडेच उतरनार, रात्रीचा चालत कल्याण ओलांडनार, पुढं बदलापूरला गाडी धरनार. येतस?” तुम्ही ‘सातारा’कडे बघितलंत. त्याच्या घोंगडीवर तुमचा एक हात होता. नाही गेलात. यात थोरपण फार नव्हतं. रात्री कल्याणच्या खाडीकाठची वाट तुम्हाला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी झडती आली. गोरे शिपाई, डॉक्टर, वस्तीतला एक प्रतिष्ठित माणूस पुढे घातलेला. गाठोडं बाजूला केलं. ‘सातारा’ला विचारलं, तुझं कोण आहे इथे? त्यानं खोलीभर नजर फिरवली. नातेवाईक बरोबर येऊ शकतो, असं दुभाषा म्हणाला. नातेवाईक साताऱ्याला. तुम्ही म्हणालात, मी. डॉक्टरनं वहीत काही लिहिलं नाही, मान हलवली, आणि तुम्हाला दुसऱ्या रांगेत उभं केलं, छावणीच्या.

छावणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बांबू-चटयांच्या खोल्या, औषधाच्या पाण्यानं अंघोळ, कपडे उकळून आकसलेले, सकाळ-संध्याकाळ डॉक्टरचा फेरा. शिधा मिळतो. कंटाळा, घरात बसलेल्या माणसाला येतो तोच. ‘सातारा’चं काय झालं हे कुणी सांगितलं नाही; विचारलं तर नाव विचारतात, आणि तेव्हा लक्षात येतं की त्याचं नाव तुम्ही कधी विचारलंच नव्हतं. सुटताना तुमच्या हातात एक सही-शिक्क्याचा कागद देतात. वाचता येत असून तुम्ही तो वाचत नाही, नुसता नीट घडी करून बंडीच्या आतल्या बाजूला ठेवता. शिमगा तोंडावर आलाय. कोकणातला माणूस शिमग्याला गावाबाहेर राहत नाही, मग प्लेग असो की प्रलय.

गाडी कल्याणला थांबते. इथून एक फाटा कसाऱ्याकडे, एक कर्जत-पुण्याकडे. मुंबईहून देशावर जाणारं सगळं या एका चिंचोळ्या तोंडातून जातं, म्हणून गळणं इथेच लावलंय. शिपाई डब्याडब्यातून ओरडत जातो, सगळ्यांनी खाली उतरायचं. पहिल्या वर्गाकडे तो ओरडत नाही. तिथे डॉक्टर स्वतः दारापर्यंत जातो, टोपीला हात लावतो. तिसऱ्या वर्गाच्या रांगा दोरी लावून उभ्या केल्यात. बायकांसाठी कनातीचा आडोसा, आत तपासायला बाई. तरी कनातीच्या तोंडाशी एका म्हातारीनं बसकण मारलीय. मेले तरी येणार नाही, म्हणते. तिचा मुलगा रांगेतून हात जोडून विनवतोय, आणि तो नेमका कुणाला विनवतोय, आईला की शिपायाला, ते कळत नाही.

तुमची पाळी येते. डॉक्टर तुमच्या तोंडाकडे बघत नाही. जीभ. डोळ्याची पापणी खाली ओढून. मग त्याची बोटं जबड्याखाली, दोन्ही बाजूंनी, भाकरीचं पीठ चाचपावं तशी. हात वर. काखेत. मग धोतर सैल करायची खूण. मागे रांग, पुढे रांग, बाजूनं हमाल चाललेत. थंड बोटं जांघेत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दाबतात, आणि त्या दोन क्षणांत गाठ नाही हे पक्कं ठाऊक असूनही तुम्ही श्वास धरून ठेवता. कागद पुढे करता. तो बघतो, परत देतो. त्याला कागदाशी कर्तव्य नाही. तुमच्या पुढचा एक पोरगा, अंग जरा कोमट लागलं म्हणून, बाजूच्या खोपटाकडे नेलाय. उन्हात दोन तास उभं राहून कुणाचं अंग कोमट लागणार नाही? पण ते बोलायचं कुणापाशी.

आणि याच वेळी पलीकडच्या रुळांवरून मालगाडी जाते. मांडवीच्या वखारीतली धान्याची पोती भरलेली. तिला कोणी उतरवत नाही. तुम्हाला माहीत आहे की त्या पोत्यांत उंदीर आहेत, उंदरांवर पिसवा आहेत, आणि रोग त्या पिसवेत आहे. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर ते पुढच्या वर्षी कराचीत दाखवून देईल, त्याच्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं जातील. लोकांना मात्र अर्धी गोष्ट आधीपासून कळलीय. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, एवढं भिसेगावातली म्हातारी माणसंही सांगतात. तुम्ही डॉक्टरला सांगायला तोंड उघडता. शिपाई तुम्हाला पुढे ढकलतो.

कर्जत येतं. शेतांत राब भाजलाय, धूर खाली बसलाय. दूर कुठे पोरं शिमग्याची लाकडं ओढून नेताना ओरडतायत. तुम्ही रुळ ओलांडता आणि भिसेगावच्या वाटेला लागता, आणि गावाच्या अलीकडेच चार माणसं आडवी येतात. सगळी ओळखीची. पाटील पुढे.

“तिथंच थांब.”

तुम्ही कागद काढता. छावणीतून सुटल्याचा, अंगात रोग नसल्याचा, सही-शिक्क्याचा. पाटील तो हातात घेत नाही. जमिनीवर ठेव म्हणतो, काठीनं उलटवतो, बघतो. वाचता त्याला येत नाही, आणि आलं असतं तरी फरक पडला नसता. कल्याणला तपासलं, तुम्ही सांगता. पाटील म्हणतो, “कल्यानला गोऱ्यानं बघितलं. आमी कुठं बघितलं?” याला उत्तर नाही. २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना कोकणातल्या गावांनी शाळांत ठेवलं, वेशीवर बांबू आडवे टाकले, तेव्हा तुम्ही बांबूच्या आतल्या बाजूला होतात आणि तुम्हाला ते बरोबर वाटलं होतं. ते आत्ताही चूक वाटत नाही, हीच तर अडचण आहे.

आई मागून आलीय. ती पाटलाला काही बोलत नाही. आणलेले पैसे कुठे ठेवू, तुम्ही विचारता. भाऊ गोमूत्र घातलेलं मडकं पुढे सरकवतो, त्यात टाक. नाणी बुडबुड आवाज करत तळाला जातात. पैसा गावात गेला. तुम्ही नाही. भाऊ लांबूनच विचारतो की रोज अजून मिळतोय का, कारण मिळत असेल तर पाडव्यापर्यंत इथे झाडाखाली बसून काय करणार, परत तरी जा. तो वाईट माणूस नाही. हिशोबाला पक्का आहे.

आंब्याखाली, शिवेपाशी, एक खोप दाखवतात. रात्रीची भाकरी दगडावर ठेवली जाईल, मडकं वेगळं. खोपीत आधीच कोणीतरी आहे. धुरात नीट दिसत नाही, पण खोकण्यावरून तुम्ही ओळखता. गुंडग्याचा! त्याच्या गावानंही त्याला घेतलं नव्हतं, आणि दोन्ही गावांनी मिळून ही एकच खोप बांधलीय. कल्याण त्यानं रात्रीच ओलांडलं, ठरल्याप्रमाणे. कोणी तपासलं नाही, कोणी अडवलं नाही. आठवडाभर तो इथे आहे. तुम्हाला इतका आनंद होतो की तुम्ही सरळ आत जाऊन त्याच्याजवळ फतकल मारता.

तो अंग चोरून मागे सरकतो. विस्तवापासची जागा सोडत नाही, पण पाय आखडून घेतो.

“जरा लांब बस रे,” तो म्हणतो. “मुंबयवरून आलास ना तू?”

“आणि तू कुठून आलास?”

“मी मागच्या आठवड्यात आलो,” गुंडग्याचा म्हणतो, आणि काटकीनं विस्तव उकरत तुमच्यासाठी दाराजवळची जागा दाखवतो. “मी आता हितलाच.”